मरोळचे दहा

इस्राएलमध्ये अश्दोदला मी राहते त्या गल्लीत तीन सिनेगॉग, म्हणजे आमची प्रार्थनालयं आहेत. शुक्रवारी संध्याकाळी कुणी गॅलरीतून नुसती हाक मारली तरी दहाच काय, तीस पुरुष गोळा होतील आणि त्यातले निम्मे लगेच भांडायला लागतील. माणसांची ही उधळपट्टी बघितली की माझा जीव जळतो. मरोळला आमच्याकडे दहावा माणूस म्हणजे काय चीज होती, हे इथल्यांना सांगून कळायचं नाही.

आम्ही बेने इस्राएल, कोकणातले मराठी यहुदी. अलिबागेकडच्या गावांत आमचे पणजे-खापरपणजे तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणायचे. घाणे कधीच गेले. माझे बाबा मरोळच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात टूलरूमचे फोरमन होते. शनिवार मात्र सुटला नव्हता. परेरा चाळीच्या तळमजल्यावर, आमच्या बिऱ्हाडाला लागून, दोन खोल्यांमधली भिंत पाडून एक लांबट दालन केलेलं होतं. तेच आमचं प्रार्थनालय. म्हातारी माणसं त्याला मशीदच म्हणायची आणि चाळीत नव्याने आलेला माणूस हमखास गोंधळायचा. बाबा तिथले मुकादम, म्हणजे मंडळीचे प्रमुख. त्यांचं नाव बिन्यामीन झिराडकर, पण पोस्टमनसुद्धा त्यांना मुकादम म्हणूनच हाक मारायचा.

मुकादमाने काय करायचं? प्रार्थनालयाची किल्ली सांभाळायची, दिव्यात तेल आहे का बघायचं, लग्न ठरताना मध्ये पडायचं, मयतीला सगळ्यात आधी पोचायचं आणि दोन भाऊ भांडले की दोघांच्याही शिव्या खायच्या. पगार शून्य. मान भरपूर, पण तोही सणापुरता. "मुकादम राजा नसतो गं शकु," बाबा म्हणायचे. "राजा तो वरचा. आपण दार उघडायचं, दार लावायचं." शोशन्ना हे माझं शाळेच्या दाखल्यावरचं नाव, घरात, चाळीत, सगळीकडे मी शकु. आई मी सातवीत असताना गेली, त्यामुळे बाबांची ही वाक्यं ऐकायला घरात मी एकटीच होते आणि ती सगळी मला पाठ होती.

आमच्या प्रार्थनेतला बराचसा भाग दहा पुरुष असल्याशिवाय म्हणता येत नाही. तेरा वर्षांवरचे दहा यहुदी पुरुष. नऊच असले, तर ते नऊजण कितीही पुण्यवान असोत, शास्त्राची पवित्र गुंडाळी पेटीतून बाहेर निघत नाही आणि मेलेल्या माणसासाठीचं कद्दिश म्हणता येत नाही. शेजारच्या शेवंतीमावशीला हे अजिबात पटायचं नाही. ती मालवणकडची. "देवाक दहा माणसां कित्याक होयी गो?" ती मला विचारायची. "आमच्या रवळनाथाक येकटो गेलो तरी चालता." मी म्हणायचे, "मावशी, आमचा देव जरा मोठा साहेब आहे, त्याला शिष्टमंडळ लागतं." मग ती मला लाटणं दाखवायची.

आणि गंमत अशी की दहा हवेत, पण मोजायचे नाहीत! माणसांवर बोट रोखून एक-दोन-तीन करणं आमच्यात पाप. मग बाबा काय करायचे? दहा शब्दांचं एक हिब्रू वचन आहे. ते सावकाश म्हणत बाबा एकेकाकडे बघायचे, एका माणसाला एक शब्द. दहावा शब्द 'ओलाम', म्हणजे सदासर्वकाळ. तो ज्याच्या वाट्याला यायचा त्याच्याकडे बघून बाबा असे हसायचे की जसं काही तो गडी खास त्यांच्यासाठीच जन्माला आलाय. नऊच असले की ओलाम त्यांच्या तोंडातच राहायचा आणि ते उगाच खाकरायचे.

मी पडद्यामागे बायकांत बसायचे. बायकांना दहात धरत नाहीत. लहान असताना मी एकदा रागाने विचारलं होतं, "बाबा, मला कोणता शब्द?" तर म्हणाले, "तुला अख्खं वचन." गोड बोलून गप्प बसवण्यात त्यांचा हात कुणी धरला नसता. पण मला धरत नसल्यामुळे मला मुभाही होती. मी पडद्याच्या फटीतून बघत सरळ बोटांवर मोजायचे.

माझ्या लहानपणी ही मोजणी दोनदोनदा हात उघडूनही पुरायची नाही. मग एकेक कुटुंब इस्राएलला जायला लागलं. एखाद्या शनिवारी पडद्याच्या अलीकडे एक जागा मोकळी दिसायची आणि पलीकडे दोन. निरोपाला हार, पेढे, रडारड, 'पत्र पाठव हां' सगळं व्हायचं, आणि पुढच्या आठवड्यात बाबा सतरंजी थोडी आतल्या बाजूला दुमडायचे, म्हणजे दालन रिकामं दिसू नये. १९८०च्या दिवाळीपर्यंत माझ्या दोन हातांची बोटं पुरायला लागली. बरोब्बर दहा, एक जास्त नाही, एक कमी नाही.

ते दहा टिकवण्यासाठी बाबांनी काय काय केलं नाही! सहाजण निरनिराळ्या कारखान्यांत होते. त्यांना शनिवारची सुट्टी मिळावी म्हणून बाबा स्वतः प्रत्येकाच्या मालकासमोर जाऊन बसले, आणि बदल्यात रविवारी काम करायचं कबूल करून आले. इसाजी अंकल ऐंशीच्या घरातले, कोंडिविट्याला राहायचे. शनिवारी आम्ही गाडीत बसत नाही, म्हणून बाबा पहाटेच निघून त्यांना हाताला धरून चालवत आणायचे. अंकलना ऐकू कमी यायचं. ते आमेन एक वाक्य उशिरा म्हणायचे आणि सगळे त्यांच्या आमेनसाठी थांबायचे.

काय दिवस होते ते! आठ वाजता वसाहतीतले भोंगे वाजायचे, रस्त्यावरून माणसांचे लोंढे कारखान्यांकडे जायचे, आणि आमचे दहाजण डोक्यावर टोप्या घालून ढिम्म बसलेले. कुणी दचकायचं नाही, कुणी घड्याळ बघायचं नाही. हाताच्या रेषांत काळं ग्रीस मुरलेली ती माणसं त्या वेळी कुणाची नोकर वाटायची नाहीत. भोंग्यापेक्षा मोठा मालक आज आपल्याकडे आलाय अशी त्यांच्या बसण्यात ऐट असायची. प्रार्थना संपली की काळ्या मनुका भिजवून कुस्करून केलेलं सरबत एकाच पेल्यातून फिरायचं. ते करायचं काम आधी रिव्का आंटीकडे होतं, ती इस्राएलला गेल्यावर माझ्याकडे आलं. "आंटीचा हात वेगळा होता," असं दर शनिवारी कुणीतरी म्हणायचंच. मला राग यायचा, पण खरं होतं.

ही रिव्का आंटी म्हणजे नेसिमची आई. त्या दिवाळीच्या चार वर्षं आधी ती मोठ्या मुलाबरोबर तिकडे बेर शेवाला गेली. नेसिम राजपूरकर मागे राहिला. सत्तावीस वर्षांचा, एका वर्कशॉपमध्ये टर्नर, आवाज खणखणीत. मला टायपिस्ट मॅडम म्हणून चिडवायचा. "वाळवंटात जाऊन काय करू यार? तिथे वडापाव तरी मिळतो का?" असं त्याचं म्हणणं. पण त्या दिवाळीच्या सुमारास भावाचं पत्र आलं. आईचं हृदय कमजोर झालंय, डॉक्टरांनी हात टेकलेत, ती सारखी नेसिम नेसिम करते आहे. पत्र वाचून त्याचा सगळा चावटपणा उतरला. तो सरळ बाबांकडे आला.

तिकडे कायमचं जायचं तर इस्राएलला माणसं पाठवणाऱ्या ऑफिसात माणूस यहुदी असल्याचा त्याच्या मंडळीच्या मुकादमाचा दाखला लागायचा. त्याशिवाय पुढे पानही हलत नसे.

"मुकादम, आईची गाठ पडायला पाहिजे," नेसिम म्हणाला. "जरा लवकर बघा ना."

"अरे, आजच टाइप करून घेतो शकुकडून. मीच परस्पर पाठवतो त्या ऑफिसात. तू काळजी करू नकोस."

मी त्याच संध्याकाळी टाइप केला. तेरा नोव्हेंबर, अशी तारीख घातली. बाबांनी वाचला, पेनाचं टोपण काढलं, कागदावर हात ठेवून बसले, आणि टोपण परत लावलं. "उद्या करतो सही," म्हणाले आणि दाखला कपाटात ठेवून दिला.

उद्या उगवलाच नाही. आधी हनुकाचा सण होऊ दे म्हणाले. मग इसाजी अंकलना बरं नव्हतं. मग प्युरिमचा सण होऊन जाऊ दे म्हणाले. मला कळायला कितीसा वेळ लागणार? सही झाली की नेसिम जाणार, आणि नेसिम गेला की नऊ. नेसिम दर शनिवारी विचारायचा आणि बाबा सांगायचे, "पाठवलाय रे. तिकडूनच उशीर होतोय." माझ्या बाबांना खोटं बोलताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. त्यांना ते जमत नव्हतं. खोटं बोलताना ते चष्मा काढून पुसत बसायचे. पण नेसिमचा त्यांच्यावर इतका विश्वास, की तो उलट त्या बिचाऱ्या ऑफिसला शिव्या घालायचा.

मरोळ नाक्याच्या बसस्टॉपवर तो मला भेटायचा. मी अंधेरीला एका कंपनीत टायपिस्ट होते, आमची वेळ जुळायची. "काही कळलं का गं, शकु? आईचं पत्र आलंय. अक्षर बघ कसं हललंय तिचं." निळ्या एरोग्रामवरचं ते वेडंवाकडं मराठी मी पाहिलं. आणि म्हणाले, "मी टाइप करून दिलाय. पुढचं मुकादमांना विचार."

मी का बोलले नाही? वडिलांचा मान म्हणून, असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगितलं. ते अर्धंच खरं आहे. मलाही दहा हवे होते. दहावा शब्द म्हणताना बाबांचा चेहरा उजळायचा, तो मला हवा होता. आई गेल्यापासून तो चेहरा आठवड्यातून एकदाच बघायला मिळायचा. त्यासाठी बेर शेवातली एक म्हातारी थोडी थांबली तर काय बिघडलं, असा हिशेब मी केला. इतका नीच विचार आपण करू शकतो हे माणसाला स्वतःला कळत नाही, कारण त्या वेळी तो प्रेमासारखाच दिसतो.

फेब्रुवारीत जनगणना आली. महापालिकेच्या शाळेतल्या अंबादास गुरुजींकडे आमची चाळ होती. गुरुजी जालन्याकडचे, बौद्ध, कामाला एकदम चोख. बुधवारी संध्याकाळी बाबा ड्यूटीवरून येऊन हातपाय धूत होते, तेवढ्यात ते कागदांचा गठ्ठा घेऊन आले.

"बोला मुकादम. घरात एकूण माणसं किती?"

"नावं सांगतो. लिहून घ्या."

"नावं लिहितोच आहे. आधी आकडा सांगा."

"आकडा मी सांगत नाही. बिन्यामीन एलिया झिराडकर. शोशन्ना बिन्यामीन झिराडकर."

"म्हणजे दोन."

"ते तुम्ही म्हणालात."

गुरुजींनी पेन खाली ठेवलं. "अहो, दोन माणसांच्या घरात दोन म्हणायला तुमचं काय जातं?"

बाबा एकदम खुलले. गोष्ट सांगायची संधी मिळाली की त्यांना चहासुद्धा नको असायचा. मी तरी चहा ठेवला.

"आमचा दावीद राजा होता ना, गुरुजी, तो आधी मेंढपाळ. देवानेच उचलून गादीवर बसवलेला. म्हातारपणी त्याच्या डोक्यात आलं, आपली माणसं किती ते मोजून काढावं. सेनापती म्हणाला, महाराज, आहेत ती वाढोत, पण मोजता कशाला? राजा कुठला ऐकतोय! नऊ महिन्यांवर माणसं देशभर हिंडली आणि आकडा घेऊन आली. आकडा हातात पडला आणि राजाच्या छातीत धस्स झालं. मग देवाने रोगराई पाठवली. तीन दिवसांत सत्तर हजार माणसं गेली. तेव्हा दावीद रडला. म्हणाला, पाप मी केलं, या मेंढरांनी काय केलं? मारायचं तर मला मार. तेव्हापासून आम्ही माणसं मोजत नाही."

गुरुजींनी गोष्ट मन लावून ऐकली. चहाचा घोट घेऊन ते म्हणाले, "एक बोलू का? आमच्या आज्याला गावात कुणी माणसांत मोजलं नाही. विहिरीवर नाही, देवळात नाही. आम्ही जन्मभर भांडलो ते आम्हाला मोजा म्हणून. मला तर हे कागद भरताना बरं वाटतं बघा. कारखान्याच्या मालकाचाही एक, त्याच्या झाडूवाल्याचाही एक. यात पाप कुठे आलं?"

 असा प्रश्न बाबांना आजवर कुणी विचारला नव्हता. बशीतला चहा निवून गेला तेव्हा ते सावकाश म्हणाले, "पाप मोजण्यात नाही, गुरुजी. तुम्ही मोजता ते त्या माणसासाठी. दाविदाने मोजलं स्वतःसाठी. माझे किती, असं. माणसं त्याची नव्हतीच. देवाची होती, त्याच्याकडे राखायला दिलेली. राखणदाराने ती आपली समजून मोजली, तिथे चुकलं."

"हे पटलं," गुरुजी म्हणाले. धर्माच्या रकान्यात त्यांनी नीट विचारून यहुदी लिहिलं, बाबांची सही घेतली आणि शेवंतीमावशीकडे गेले.

मी कपबश्या उचलत होते. मला भयंकर राग आला होता. त्यांचा आणि माझा, दोघांचाही.

"बाबा, नेसिमला तुम्ही कुणासाठी मोजताय?"

"तोंड आवर, शकु."

"सांगा ना. कुणासाठी?"

"अक्कल शिकवू नकोस मला!" बाबा माझ्यावर असे कधी ओरडले नव्हते. "एकोणीस वर्षं मी त्या दालनात दिवा लावतोय. नेसिम गेला की काय होईल ठाऊक आहे? गुंडाळी दुसऱ्या सिनेगॉगला द्यावी लागेल. इसाजी मेला तर त्याच्यामागे कद्दिश कुठे होणार? मी काय माझ्या घरासाठी करतोय? देवाचंच काम आहे हे!"

"दाविदालाही तसंच वाटलं असेल."

ते जेवले नाहीत. मीही त्यांना वाढते म्हटलं नाही. सकाळी मी उठले तर ते टेबलाशी बसलेले आणि समोर दाखला. सही झाली होती.

मी पुढे झाले. आणि बघा, बापाला धर्म शिकवणारी मी काय बोलले! "तारीख तेरा नोव्हेंबरची आहे, बाबा. आजची घालून नवीन टाइप करू का? कुणाला कळणार नाही."

बाबांनी माझ्याकडे बघितलं. त्या बघण्यात राग नव्हता, तेच वाईट. "राहू दे," ते म्हणाले. "तीच तारीख राहू दे. संध्याकाळी त्याच्याकडे जाऊ. तूही चल."

पाच वाजता आम्ही कोंडिविट्याला नेसिमच्या खोलीशी पोचलो. दारात शेजाऱ्यांची गर्दी होती. नेसिम आत जमिनीवर बसला होता आणि त्याच्या मांडीवर तार पडली होती. दुपारी आली होती. रिव्का आंटी गेली होती.

बाबांचा हात खिशावर गेला आणि तिथेच राहिला. मग तो खाली आला. मुकादमाने जे करायचं असतं ते त्यांनी केलं. खाली बसून नेसिमच्या शर्टाची कॉलर आमच्या रीतीप्रमाणे हाताने फाडली. मला स्वयंपाकघरात दुखवट्याच्या जेवणासाठी अंडी आणि मसूर उकडायला लावलं. आणि सूर्य मावळायच्या आत दहाजण जमवायला स्वतः धावत सुटले. धावत म्हणजे खरंच धावत. छप्पन्न वर्षांचा माणूस, कोंडिविट्यापासून वसाहतीपर्यंत, एकेका कारखान्याच्या गेटवर. तासाभरात सगळे आले. कुणी कारखान्याच्या निळ्या कपड्यांतच, कुणी एकच बाही वर केलेला. इसाजी अंकल शेजारच्याच आळीतले, ते आधीच येऊन बसले होते.

बाबांनी दम खात ते वचन म्हटलं, एकेकाकडे बघत. ओलाम नेसिमवर आला.

नेसिमने डोळे पुसले. "मुकादम," तो म्हणाला, "एक बरं झालं. दाखला अडकला म्हणून मी आज इथे आहे. तिकडे मला कोण ओळखतं? आईसाठी आज दहा माणसं आली, ती तुमच्यामुळे."

बाबा गप्प राहिले असते तर जगात कुणाला काही कळलं नसतं. मी चुलीशी उभी होते आणि मनात म्हणत होते, बाबा, गप्प राहा. देवाशप्पथ सांगते, मी हेच म्हणत होते.

बाबांनी खिशातून कागद काढून त्याच्यापुढे ठेवला. "दाखला कुठे अडकला नव्हता. माझ्या कपाटात होता. तारीख बघ. तीन महिने मी सही केली नाही. तू गेलास तर नऊ होतील म्हणून."

 इसाजी अंकलनी शेजारच्याला विचारलं, "काय म्हणाला मुकादम?" त्यांना कुणी सांगितलं नाही.

नेसिमने तारीख वाचली. पुन्हा वाचली. मग मान वर करून म्हणाला, "शकुला ठाऊक होतं?"

मी स्वयंपाकघराच्या दारातच होते, हातात पातेलं घेऊन. बाबांनी माझ्याकडे पाहिलं नाही. त्यांनी चष्मा काढला आणि सदऱ्याच्या टोकाने पुसायला लागले. "नाही," ते म्हणाले. "तिने टाइप करून दिला आणि ती विसरली. तिला काय ठाऊक!"

मी काही बोलले नाही.

"तुझी आई तुला न बघता गेली ती माझ्यामुळे," बाबा म्हणाले. "मी इथे बसायला लायक नाही. आजपासून मी मुकादमही नाही." ते उठले आणि दाराशी जाऊन चपला शोधायला लागले.

"थांबा," नेसिम म्हणाला आणि तोही उठला. त्याने बोट वर केलं, इसाजी अंकलवर रोखलं आणि मोठ्याने म्हणाला, "एक." मग पुढच्यावर. "दोन. तीन. चार." आमच्यात असं कुणी कधी केलं नव्हतं. ज्याच्यावर बोट यायचं तो माणूस दचकून मागे सरकायचा. "सात. आठ." मग त्याने बोट स्वतःच्या फाटक्या कॉलरवर ठेवलं. "नऊ. आता तुम्ही चाललात? मग माझ्या आईचं कद्दिश मी कसं म्हणू? बसा खाली!"

बाबा खाली बसले. आपल्या जागेवर नाही, तिथेच दाराशी, चपलांच्या शेजारी.

"दहा," नेसिम म्हणाला.

मग त्याने कद्दिश म्हटलं. त्या प्रार्थनेत मेलेल्या माणसाचं नावही येत नाही. देवाचं नाव मोठं होवो, त्याचं राज्य लवकर येवो, एवढंच असतं. आईसाठी रडणारा मुलगा उभा राहून तिच्याबद्दल एक अक्षर न बोलता सांगतो की राजा तूच आहेस. नेसिमचा खणखणीत आवाज मध्येच फुटत होता. प्रत्येक ठिकाणी सगळ्यांचं आमेन व्हायचं, मग उशिरा इसाजी अंकलचं, आणि त्याच्याही मागून दाराकडून एक.

दुखवट्याचे सातही दिवस बाबा नेसिमकडे गेले आणि दाराशीच बसले. नेसिम त्यांच्याशी एक शब्द बोलला नाही, पण रोज वाट मात्र पाहायचा. मे महिन्यात तो इस्राएलला गेला. नंतर मरोळला कधी दहा भरले नाहीत. गुंडाळी दुसऱ्या सिनेगॉगला दिली, त्या दिवशी बाबांनी ती बाळासारखी छातीशी धरून चालत नेली. नवा मुकादम कुणी झाला नाही, कारण मंडळीच उरली नाही. १९८६ला बाबा गेले आणि पुढच्या वर्षी मी नवऱ्याबरोबर इकडे आले.

गेल्या वर्षी इथे लोद शहरात एका लग्नात नेसिम भेटला. सत्तरीचा झालाय, नातवंडं आहेत, आवाज तसाच. आमच्या मराठी लोकांत अजून गातो. माझ्या शेजारी ताट घेऊन बसला आणि जुन्या गोष्टी निघाल्या. भोंगे, सरबत, शेवंतीमावशीचं लाटणं. खूप हसलो. मग तो म्हणाला, "तुझ्या बाबांना मी केव्हाच माफ केलं गं. सगळ्यांसमोर असं बोलणारा मुकादम मी इकडे एक पाहिला नाही. तू काय, तेव्हा पोर होतीस. तुला बिचारीला कुठे काय ठाऊक होतं!"

मी मान हलवली आणि भात कालवत राहिले.

बाबांनी आपलं पाप सगळ्यांच्या समोर उभं राहून सांगितलं, आणि वर माझ्यासाठी एक खोटंही बोलून गेले. मला तर कुणी दहात धरतच नव्हतं, आणि त्या दिवशी मला ते सोयीचं पडलं. नेसिम, तू मराठी वाचतोस म्हणून हे मराठीत लिहिलं आहे. मी पोर नव्हते. मी वीस वर्षांची होते, आणि मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं.